पर्यावरणशास्त्रासाठी विद्यापीठ बदलावं, की आहे ती बीएस्सी पुरी करावी?

रसायन, वनस्पती, प्राणी असा गट घेऊन बीएस्सीला बसलात आणि वर्षभरात लक्षात आलं की खरा ओढा पर्यावरणशास्त्राकडे आहे, तर पुढे चार वाटा दिसतात. त्याच विद्यापीठातलं दुसरं महाविद्यालय गाठायचं, विद्यापीठच बदलायचं, आहे तिथेच राहून पर्यावरणशास्त्र मायनर (दुय्यम विषय) म्हणून घ्यायचं, किंवा हातातली पदवी पुरी करून एमएस्सीला वळायचं. चारही वाटा नव्या शैक्षणिक धोरणात बसतात. पण प्रत्येक वाटेवर वेळ, पैसा आणि वाया जाणारे क्रेडिट (पेपर पास झाल्यावर पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो प्रवेशाच्या खिडकीवर कुणी करून देत नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. विद्यापीठ बदलायचं असेल तर ते दुसऱ्या सत्रानंतर बदला. चौथ्या सत्रानंतर बदलणं फक्त चार वर्षांची पदवी करणाऱ्यालाच परवडतं. बाकीच्यांनी रसायनशास्त्र सांभाळत बीएस्सी पुरी करावी आणि एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घ्यावं. का, ते पुढच्या आकड्यांत आहे.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

मराठवाड्यात पारंपरिक विज्ञान शिक्षणाची दोन विद्यापीठं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, म्हणजे १९५८ पासूनच्या जुन्या विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे १९९४ मध्ये झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. पर्यावरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण दोन्हीकडे आहे: संभाजीनगरला स्वतंत्र विभाग आहे, तर नांदेडला भूशास्त्र संकुलात हा विषय शिकवला जातो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ वेगळ्या वर्गातलं. तिथली एमएस्सी कृषी पदवीधरांसाठी असते, साध्या बीएस्सीवाल्यानं तिच्यावर भिस्त ठेवू नये.

पदवीला मात्र पर्यावरणशास्त्र हा विषय सगळीकडे मिळत नाही. बहुतेक तालुक्याच्या महाविद्यालयांत रसायन, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, भौतिक आणि गणित यांचेच गट चालतात. म्हणून पहिलं काम घरबसल्या करा. दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर संलग्न महाविद्यालयांची आणि त्यांना मंजूर असलेल्या विषयांची यादी असते, तिच्यात शोधा. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विषयाचं नाव छापलेलं असलं म्हणजे तो विषय चालूच आहे, असं समजू नका. गेल्या दोन वर्षांत त्या विषयाला किती मुलं होती, हे थेट फोन करून विचारा. आकडा चार-पाच असेल, तर पुढच्या वर्षी तुकडी बंद होण्याची भीती खरी आहे.

इथेच एक गोंधळ मिटवून घेऊ. प्रत्येक पदवीला "पर्यावरण अभ्यास" नावाचा सक्तीचा पेपर असतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांतून तो आला. त्याचे क्रेडिट मूल्यशिक्षणाच्या रकान्यात जातात, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) नाही. "माझे पर्यावरणाचे क्रेडिट आधीच झालेत" म्हणत तेवढ्या जोरावर कुणी मेजर मागायला गेलं, तर हाती काही लागत नाही.

क्रेडिटचा हिशेब

महाराष्ट्रात एका सत्राला २२ क्रेडिट धरले आहेत. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८८, तीन वर्षांची पदवी १३२ ला आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १७६ ला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) राष्ट्रीय चौकटीत हेच टप्पे किमान ४०, ८०, १२० आणि १६० असे आहेत. हा फरक उदगीर, देगलूर, बिलोली, उमरगा या सीमेवरच्या तालुक्यांतल्या मुलांना जास्त जाणवतो, कारण त्यांच्यातले काही जण बीदर, निजामाबाद किंवा कलबुर्गीला शिकून परत येतात. तिकडून वर्षाचे ४० क्रेडिट आणले तर इथले ४४ पुरे व्हायला चार कमी पडतात, आणि ते चार कधी नि कुठे भरायचे हे नव्या महाविद्यालयाकडून लेखी घ्यावं लागतं.

दुसरा नियम याहून कडक आहे. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारी ऑनलाइन बँक, हिच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतच निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. आता हा तक्ता बघा.

| कधी बदललं | सोबत येऊ शकतात | तीन वर्षांच्या पदवीला उरतात | चार वर्षांच्या पदवीला उरतात |
|---|---|---|---|
| दुसऱ्या सत्रानंतर | ४४ | १३२ पैकी ८८ | १७६ पैकी १३२ |
| तिसऱ्या सत्रानंतर | ६६ | १३२ पैकी ६६ | १७६ पैकी ११० |
| चौथ्या सत्रानंतर | ८८ | १३२ पैकी ४४ | १७६ पैकी ८८ |

चौथ्या सत्रानंतर तीन वर्षांच्या पदवीला नव्या विद्यापीठात ४४ च क्रेडिट उरतात. निम्मे म्हणजे ६६ हवेत. मग २२ क्रेडिट, म्हणजे अख्खं एक सत्र, जादा बसावं लागतं. चार वर्षांची पदवी घेतली तर ८८ आणि ८८ अशी बरोबर निम्मी वाटणी होते. तिसऱ्या सत्राचं गणित कागदावर काठावर जुळतं, पण वर्षाच्या मध्यात जागा, पात्रता आणि शिष्यवृत्ती तिन्ही अडकतात. त्या फंदात पडू नये.

एकाच विद्यापीठात नुसतं महाविद्यालय बदललं तर पदवी तेच विद्यापीठ देतं, त्यामुळे निम्म्याची अट आड येत नाही. अंबडहून संभाजीनगरला किंवा वसमतहून नांदेडला जाणाऱ्याला हा मोठा फायदा आहे. अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच, गुणपत्रिकेचा नमुना तोच. दोन्ही वाटा खुल्या असतील तर विद्यापीठ न बदलता महाविद्यालय बदलणं केव्हाही सोपं.

सगळे ४४ खरंच सोबत येतात का?

येतात आणि येत नाहीत. बँकेत जमा असणं वेगळं आणि नव्या पदवीत मोजलं जाणं वेगळं.

समजा, पहिल्या वर्षी रसायन, वनस्पती आणि प्राणी असे तीन विषय होते, प्रत्येकाचे दोन सत्रांत मिळून ८ क्रेडिट. झाले २४. उरलेले २० क्रेडिट भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, खुला विषय आणि सहअभ्यासक्रम यांचे. हे २० सहसा विनातक्रार स्वीकारले जातात. खरी कसोटी २४ ची.

नव्या ठिकाणी गट पर्यावरण, रसायन, वनस्पती असा असेल, तर रसायन आणि वनस्पतीचे १६ मोजले जातील. प्राणीशास्त्राचे ८ बाजूला पडतील, आणि पर्यावरणशास्त्राचे पहिल्या वर्षाचे ८ मागाहून करावे लागतील. ओझं ८ क्रेडिटचं, पहिल्या वर्षाच्या एका जादा विषयाएवढं. निभावून नेता येतं. पण गट पर्यावरण, भूगर्भशास्त्र, भौतिक असा असेल तर तिन्ही विषय नवे, ओझं २४ चं. हे एका सत्राच्या वर जातं. तेव्हा वर्ष वाचवण्याच्या नादात पडण्यापेक्षा पुन्हा पहिल्या वर्षाला बसणं प्रामाणिकपणाचं ठरतं.

म्हणून महाविद्यालय निवडताना पर्यावरणशास्त्र आहे का, एवढंच विचारू नका. त्याच्यासोबत कोणते दोन विषय जोडून मिळतात, हे विचारा. दुसऱ्या वर्षी या तिघांपैकी एक मेजर होतो, एक मायनर. पहिल्या वर्षी पर्यावरणशास्त्र घेतलंच नव्हतं तर दुसऱ्या वर्षी ते मेजर म्हणून देतील का, हा प्रश्न प्राचार्यांना नाही, विद्यापीठाच्या पात्रता विभागाला विचारायचा असतो. प्राचार्य "बघू, होऊन जाईल" म्हणतात. पुढे तिसऱ्या वर्षी पात्रता विभाग नाही म्हणतो आणि निकाल राखून ठेवला जातो.

अभ्यासक्रम जुळवायची पद्धत अशी. जुन्या विद्यापीठाच्या प्रत्येक पेपरचा सांकेतिक क्रमांक, नाव, क्रेडिट आणि घटकांची नावं एका कागदावर डावीकडे लिहा. उजवीकडे नव्या विद्यापीठाचा जवळचा पेपर लिहा. तासिकाही तपासा: थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, असा प्रघात आहे. रसायनाचा पेपर इकडे २ थिअरी आणि २ प्रात्यक्षिक, तिकडे ३ आणि १ असा असेल, तर एकूण ४ सारखे दिसूनही प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट अधांतरी राहतं. हा कागद अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रतीसह अर्जाला जोडला, तर समकक्षता ठरवणाऱ्या समितीचं काम सोपं होतं आणि तुमचंही.

कागदपत्रं, आणि कुठे घोडं अडतं

विद्यापीठ बदलताना लागणारे कागद: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, स्थलांतर प्रमाणपत्र, जुन्या महाविद्यालयाचं ना हरकत पत्र, साक्षांकित अभ्यासक्रम, अपार आयडी (तुमच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक), जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. विद्यापीठ तेच राहिलं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागत नाही, पण दोन्ही महाविद्यालयांची संमती आणि विद्यापीठाची परवानगी लागते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नव्या महाविद्यालयाकडून दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा असल्याचं लेखी घ्या. दुसऱ्या वर्षाच्या जागा म्हणजे पहिल्या वर्षातून गळालेल्यांच्या जागा, त्यामुळे त्या मोजक्याच आणि आरक्षणाप्रमाणे असतात. मग ना हरकत पत्र, मग पात्रतेचा अर्ज, आणि सगळ्यात शेवटी टीसी. उलट केलं, म्हणजे आधी टीसी काढून मग जागा शोधली, तर जुनी जागा गेली आणि नवी मिळाली नाही, अशी गत होते. टीसी एकदा निघाली की त्याच वर्गात परत घेणं महाविद्यालयावर बंधनकारक नसतं.

अडचणी बहुतेक ठरलेल्या असतात. आधारवर "बालाजी मारोती" आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर "बालाजी मारुती" असेल तर अपार आयडी जुळत नाही. हा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो आणि क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. नाव जुळलं नाही की जुन्या विद्यापीठाने क्रेडिट चढवूनही तुमच्या खात्यात शून्य दिसतं. हे जुलैत कळून उपयोग नाही, जानेवारीतच उघडून बघा. काही मुलांचे दोन आयडी झालेले असतात, एक महाविद्यालयाने शिबिरात काढलेला आणि एक स्वतः. तेही आधी मिटवा.

दुसरी अडचण एटीकेटी. आहे त्या महाविद्यालयात एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं, पण बाहेरून येणाऱ्याला नवं विद्यापीठ सहसा सगळी सत्रं उत्तीर्ण मागतं. रसायनाचा एक पेपर राहिला असेल तर बदलाचा विचार वर्षभर पुढे ढकला. तिसरी म्हणजे पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र घेणं. नव्या धोरणात ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा व्यवसायाभिमुख भाग करून असं प्रमाणपत्र मिळतं, आणि तीन वर्षांत परत येता येतं. पण एकदा प्रमाणपत्र घेतलं की ते क्रेडिट त्यासाठी वापरलेले धरले जातात. ज्याला पुढे शिकायचंच आहे, त्याने ते घेऊ नये. टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्र पुरतं.

बँकेतल्या क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षांचं असतं. लग्न, शेती किंवा नोकरीमुळे शिक्षण सुटलेल्यांनी ही मुदत आधी मोजावी.

शिष्यवृत्तीचा फटका

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत निर्णय इथेच फिरतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज संस्था आणि अभ्यासक्रम धरून चालतात. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत स्पष्ट आहे की पूर्वपरवानगीशिवाय संस्था किंवा विषय बदलला तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. बदल झाल्यावर अर्ज नूतनीकरणात न जाता अडकून राहतो, आणि जुन्या महाविद्यालयाने मागच्या वर्षीची नोंद बंद केली नसेल तर नवा अर्ज पुढेच सरकत नाही. म्हणून टीसी घेताना तिथल्या शिष्यवृत्ती लिपिकाला भेटून मागच्या वर्षाचा हप्ता मिळाला का, प्रलंबित काही आहे का, हे तपासा आणि बदलाची परवानगी समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी घ्या. पहिल्या वर्षाला पुन्हा बसायची वेळ आली तर त्याच पातळीच्या वर्षाला दुसऱ्यांदा शिष्यवृत्ती मिळेल असं गृहीत धरू नका.

वसतिगृहाचंही तसंच. शासकीय वसतिगृहात दुसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्याला जागा क्वचित मिळते. खोली, मेस आणि येण्या-जाण्याचा वर्षाचा खर्च शुल्काच्या कितीतरी पट होतो. परभणी ते नांदेड रेल्वेने रोज ये-जा करणारे अनेक आहेत, पण पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना वेळेची शिस्त लागते आणि गाडी ती पाळत नाही.

एमएस्सीची वाट: आहे तिथे थांबून

दोन्ही विद्यापीठांत एमएस्सी पर्यावरणशास्त्राला विज्ञान शाखेचे पदवीधर घेतात. नेमके कोणते विषय चालतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. म्हणजे बीएस्सीला पर्यावरण नसणं ही नड नाही. उलट रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र पक्कं असणारा मुलगा एमएस्सीच्या प्रयोगशाळेत पुढे असतो, कारण तिथलं अर्धं काम पाणी, माती आणि हवा यांच्या रासायनिक तपासणीचं. विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने काढणं, बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणाऱ्या प्राणवायूचा) नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवणं, सीओडीसाठी (तीच घाण रसायनाने मोजायला) डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लासोबत दोन तास उकळणं, हे टायट्रेशन हातात बसलेल्याला जड जात नाही. ज्याने तिन्ही वर्षं प्रात्यक्षिकात ब्युरेट नुसतीच धरली, त्याला जड जातं, मग पदवीवर नाव काहीही असो.

या वाटेवर तीन वर्षांत काय जमवायचं, ते असं. रसायन सोडू नका. संख्याशास्त्राचा एखादा पेपर घ्या. क्यूजीआयएस हे नकाशाचं मोफत सॉफ्टवेअर शिका आणि आपल्याच तालुक्याचा पाणलोट नकाशा करून बघा. फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण हे क्रेडिट सगळ्यांनाच असतात. ते झेरॉक्सच्या दुकानातून तयार अहवाल आणून वाया घालवू नका. गावातल्या दहा बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातल्या बोअरमध्ये कठीणपणा तर जवळपास घरोघरचा अनुभव आहे. असा नीट केलेला छोटा अहवाल मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा जास्त बोलतो.

राज्याबाहेर जायचं असेल तर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा आहे, आणि तिच्यात पर्यावरणशास्त्राचा पेपर असतो. जेएनयूसारख्या ठिकाणी याच मार्गाने प्रवेश होतो.

मायनरची वाट

हिच्याकडे फार कमी लोक बघतात, आणि ती स्वस्त आहे. मेजर रसायन ठेवा, मायनर पर्यावरण मिळत असेल तर घ्या. महाविद्यालयात विषयच नसेल तर स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून काही क्रेडिट आणता येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून करायला मुभा आहे. अट एकच: सत्र सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला हवा. आधी करून मग "हे धरा" म्हटलं तर धरत नाहीत. प्रात्यक्षिकं मात्र स्वयम् वर होत नाहीत, ही या वाटेची मोठी उणीव.

पुणे, सोलापूर, जळगाव

धाराशिव-तुळजापूरच्या मुलाला सोलापूर जवळ, सोयगाव-कन्नडच्या मुलाला जळगाव. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूशास्त्रांचं स्वतंत्र संकुल आहे. पुण्याचं आकर्षण वेगळं, आणि तिथल्या विद्यापीठातला पर्यावरणशास्त्र विभाग नावाजलेला आहे. पण स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम त्यांचे स्वतःचे असतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षाला बाहेरून आलेल्याचे पेपर जुळणं आणखी अवघड. पुण्याला जायचंच असेल तर पदवीच्या मध्ये न जाता एमएस्सीला जा. तेव्हा एकच प्रवेश परीक्षा, एकच स्थलांतर प्रमाणपत्र, आणि एकही क्रेडिट वाया नाही.

पदवीवरचं नाव कुठे मोजलं जातं

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायला पदवीत पशुवैद्यक, वनस्पती, रसायन, भूगर्भ, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणी यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. म्हणजे वनसेवेचं स्वप्न असलेल्या मुलीने पर्यावरण मेजर घेताना या यादीतले सगळेच विषय सोडले, तर तिने स्वतःचं दार स्वतःच लावलं. शिक्षकी पेशाचंही तेच: बीएडला विज्ञान मेथड घेताना पदवीतले मूळ विज्ञान विषय बघतात.

प्राध्यापकीसाठी उलट आहे. यूजीसी-नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, राज्याच्या सेटमध्येही आहे, आणि दोन्हीकडे पाहिली जाते ती एमएस्सी. गेटमध्ये पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा एकत्र पेपर २०२१ पासून सुरू झाला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागांसाठी प्रत्येक पदाची अर्हता वेगळी असते, कुठे रसायन, कुठे अभियांत्रिकी, कुठे पर्यावरण. जुन्या दोन-तीन जाहिराती काढून अर्हतेची ओळ शब्दशः वाचा.

खासगी क्षेत्रात वाळूज, शेंद्रा, बिडकीन इथले कारखाने, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, परळीचं औष्णिक केंद्र, साखर कारखाने, आसवनी, आणि पाणी-हवा तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा ही आपल्याकडची खरी बाजारपेठ. तिथे विचारतात ते हेच: सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवता येतं का, चिमणीतून नमुना घेता येतो का, मंडळाचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र भरता येतं का. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होणाऱ्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या कामात सल्लागार संस्था एमएस्सी आणि अनुभव दोन्ही मागतात.

चार वर्षांच्या पदवीबद्दल थोडंसं. सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि चार वर्षांवाल्याला पुढे एका वर्षाची एमएस्सी करता येते. पण हे चौथं वर्ष संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयातच खरं चालतं. पर्यावरणशास्त्राचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक तिथे नसेल तर त्या वर्षात काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

बदलायचंच ठरलं तर विभाग असा तपासा

प्रवेश घेण्याआधी एक दिवस काढून विभाग बघून या, शक्यतो प्रात्यक्षिकाच्या वेळी. बीओडी इन्क्युबेटर चालू आहे का, की त्यात कागद ठेवलेत? स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर, नेफेलोमीटर किती आणि एका तुकडीत मुलं किती? हवेतली धूळ मोजणारं सॅम्पलर आहे का, आणि शेवटचं कधी चालवलं? सीओडीत पाऱ्याचं संयुग लागतं. त्याचं टाकाऊ द्रावण कुठे जातं, असं सहज विचारा. ते थेट बेसिनमध्ये जात असेल तर विभाग पर्यावरण कसं शिकवतो ते कळलं. पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? तासिकावाल्यांच्या नेमणुका कधीकधी सप्टेंबरपर्यंत रखडतात, मग पहिलं सत्र उन्हाळी पाटासारखं धड वाहत नाही.

क्षेत्रभेटी विचारा. संभाजीनगरच्या विभागाला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, वाळूजचं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, कांचनवाडीची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आणि शहरातून वाहणारी खाम नदी हाताशी आहे. नांदेडला गोदावरीचे घाट आणि विष्णुपुरी. लातूरला मांजरा, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो सगळा पाणीप्रश्न. एवढं दाराशी असून विभागाची सहल फक्त महाबळेश्वरला जात असेल, तर आहे त्या महाविद्यालयात रसायन घेऊन राहिलेलं काय वाईट?

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून एकच विचारा: पहिल्या वर्षाचा निकाल लागून क्रेडिट खात्यात कधी दिसले? उत्तर "अजून नाही" असं आलं, तर नव्या विद्यापीठाच्या अर्जासोबत क्रेडिटचं स्वतंत्र पत्र परीक्षा विभागाकडून सहीशिक्क्यानिशी मागून घ्यावं लागेल. ते पत्र निघायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यासाठी अर्ज टाका.